चावडीपुढे दोनदा पडलो

घोडीवरून मी पहिल्यांदा पडलो तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हाही सत्तावन्नच. मधे सहा आठवडे गेले होते. जागा दोन्ही वेळा तीच: डोंगरातल्या एका गावची चावडी, तिच्यापुढचा मोकळा चौक, चौकात लिंबाचा पार. पहिल्या वेळी उजव्या खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या वेळी काही मोडलं नाही, कंबर सुजली आणि आठ दिवस कुशीवर वळता आलं नाही.

हे इतकं नेमकं लिहितो आहे, कारण मी ज्या नांदेडच्या दैनिकाचा बातमीदार होतो त्यानं तेव्हा तिसऱ्या पानावर चार ओळी छापल्या आणि त्या चारात दोन चुका केल्या. मथळा होता, ‘वयोवृद्ध पत्रकार घोड्यावरून पडून जखमी’. घोडा नव्हता, घोडी होती. आणि सत्तावन्नाव्या वर्षी सरकारी नोकराची एक वर्षाची नोकरी शिल्लक असते. त्याला कुणी वयोवृद्ध म्हणत नाही, त्याला रजेचा अर्ज वेळेवर दे म्हणतात. त्याच दैनिकासाठी मी तेवीस वर्षं इतरांच्या बातम्यांतली विशेषणं खोडली होती. माझ्याच बातमीत एक न तपासलेलं विशेषण शिरलं आणि मग ते सगळीकडे शिरलं. डॉक्टर म्हणाले, “काका, या वयात घोडं कशाला?” एस.टी. स्टँडवरचा चहावाला म्हणाला, “साहेब, या वयात बसून खावं.” संपादकांचं पत्र आलं: आपण यापुढे लातुरातच बसून काम पाहावे, डोंगरातले दौरे दुसरा कोणी करील. बातमी लिहिताना काय, कोण, कुठे, केव्हा, कसे आणि का, हे सहा प्रश्न विचारायचे असतात. माझ्या पडण्याबद्दल पाच प्रश्नांची उत्तरं सगळ्यांकडे होती. सहावा कुणी विचारलाच नाही. ‘वय’ म्हटलं की भागत होतं.

घोडीची गरज का होती, तेही सांगायला हवं. लातूर जिल्हा नवा झाला होता, तीनेक वर्षं लोटली होती. नव्या जिल्ह्याबरोबर नव्या कचेऱ्या आल्या, नव्या पाट्या आल्या, जीपगाड्या आल्या. डोंगरातल्या सहा गावांचा रस्ता मात्र आला नाही. विचारलं की उत्तर मिळे, कागद जुन्या जिल्ह्यात आहेत. जुन्या जिल्ह्यात विचारलं की उत्तर मिळे, ती गावं आता आमची नाहीत. त्यात दुष्काळ. आषाढ कोरडा गेला, श्रावणात विहिरी खरडल्या. त्या सहा गावांना ट्रॅक्टरच्या टाकीनं पाणी जायचं. गाडीवाटेनं ट्रॅक्टर कसाबसा चढे. टाकी खालून भरून निघते आणि वर अर्धी पोचते, अशी प्रत्येक गावाची तक्रार होती. ट्रॅक्टरवाल्याशेजारी बसून गेलं की टाकी भरलेलीच पोचे. पायी गेलं की ट्रॅक्टर पुढे निघून जाई. घोडीवरून, थोडं अंतर ठेवून, वरच्या पायवाटेनं गेलं तरच काय होतं ते दिसणार होतं.

घोड्यावर बसणं मला नवं नव्हतं. चाळिशीत असताना डोंगरातल्या गावांसाठी मी एक तट्टू घेतलं होतं. ते चौदा वर्षं चाललं आणि त्या चौदा वर्षांत मी एकदाही पडलो नाही. ते गेलं तेव्हा नवी घोडी घेतली, ज्येष्ठ संपता संपता, देगलूरकडच्या एका व्यापाऱ्याकडून. अबलख रंगाची, अंगानं बारीक, डोळ्यानं शांत. व्यापारी अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलत होता. “मंची गुर्रम, साहेब,” म्हणाला, म्हणजे चांगलं घोडं. “लई गरीब हाय. पाठीवर लेकरू बसवा, पाय हलवायची न्हाई.” लग्नसराई नुकतीच संपली होती. तो इतकं चांगलं जनावर लग्नसराई संपल्यावरच का विकायला काढतो, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. नाही पडला.

रस्ता नाही म्हणून घोडी घेतली, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. माझा बाप गावाची हलगी वाजवायचा. दवंडी असो, जत्रा असो, कुणाच्या घरचं लग्न असो, हाक आली की जायचं आणि वाजवायचं. वयाच्या बाराव्या वर्षापासून मीही वाजवली. नवरदेव घोड्यावर असायचा, आम्ही घोड्याच्या पुढे पायी चालत असायचो, आणि घोड्याकडे पाठ करायची नाही म्हणून निम्मा रस्ता उलटं चालायचो. मग आमच्या घरानं धम्माची दीक्षा घेतली. त्या आठवड्यातच बापानं हलगीची कड चुलीत घातली. गावानं सहा महिने आम्हांला किराणा दिला नाही, पण हलगी परत हातात आली नाही. त्यानंतर हलगी वाजत असेल त्या रस्त्यानं मी जात नसे. जावंच लागलं तर ऐकत नसे. माणूस ठरवून एखादा आवाज ऐकायचं बंद करू शकतो. मी ते करून दाखवलं होतं, जवळजवळ तीस वर्षं.

पहिल्यांदा पडलो त्या दिवशी मी चावडीपुढे थांबलो होतो. पारावर पाचसहा जण बसले होते. मी लगाम सैल सोडून वही काढत होतो. घोडीनं एकदम पुढचे पाय उचलले, एकदा, दोनदा, आणि मागच्या पायांवर उभी राहिली. मी उजव्या बाजूनं खाली आलो. नंतर वहीत मी कारणांची नोंद केली, डाव्या हातानं: ऊन, कुत्रं आडवं गेलं, पारावरून कुणी मोठ्यानं हसलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तसंच. पुन्हा नोंद केली: वारा, कुणाचा तरी उडालेला टॉवेल. दोन्ही नोंदी प्रामाणिक होत्या आणि दोन्ही निरुपयोगी.

पारावरच्या मंडळींची मतं याहून पक्की होती.

“चावडीपुढं तिला काहीतरी दिसतं,” एक जण म्हणाला. “लिंबू उतरवा.”

“घोडीला काय दिसतंय? सायबालाच दिसंना झालंय,” दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

तिसऱ्यानं आवाज खाली आणला, पण मला ऐकू येईल इतकाच. “बसायचं ठावं नसलं की पडायचंच. ज्याचं त्यानं करावं.”

‘ज्याचं त्यानं’ म्हणजे काय, ते मला समजावून घ्यायची गरज नव्हती. मी जमिनीवर होतो, कंबर धरून. तिथून सगळं नीट ऐकू येतं.

दुसऱ्यांदा पडल्यावर जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. कंबर बरी झाली. घोडीवर खोगीर घातलं. डावा पाय रिकिबीत ठेवला. उजवा पाय जमिनीवरून उचलेना. दुखत नव्हतं, अडखळत नव्हतं, नुसता उचलेना. हात खोगिराला असा घट्ट बसला की बोटं पांढरी पडली. पाच मिनिटांनी पाय रिकिबीतून काढला आणि घोडीला हातात धरून निघालो. वाटेत कुणी विचारलं तर “नाल ढिला झालाय” म्हणालो. त्या महिन्यात त्या घोडीचा नाल सहा वेळा ढिला झाला. खोटी बातमी मी आयुष्यात छापली नाही, पण ही मी स्वतःच्या तोंडानं सहा वेळा दिली.

घरात कडबा संपत आला होता. चाऱ्याच्या वाटपाचं कार्ड काढायला गेलो. खिडकीतल्या कारकुनानं यादी पुढे केली: गाय, बैल, म्हैस, वासरू.

“घोडी कुठं आहे यात?” मी विचारलं.

“नाही.”

“घोडी जनावर नाही?”

“जनावर आहे, यादीत नाही,” तो म्हणाला. मग माझ्या अजून खाली झुकलेल्या उजव्या खांद्याकडे बघून मायेनं म्हणाला, “विकून टाका ना काका. या वयात.”

मी त्याला त्याचं वय विचारलं. त्रेपन्न होतं.

घरी बायको वाटच बघत होती. ती माणसाला बोलून घ्यायला जागा देते आणि मग एका वाक्यात विषय संपवते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“आवं, पडायचं ते पडलात. आता विकायचं ते विका,” ती म्हणाली. “मार्गशीर्षात माळेगावची जत्रा हाय. तिथं घोडी जाईल.”

“जत्रेला दोन महिने आहेत.”

“मग दोन महिन्यांत बसून दाखवा. कडबा मी माझ्या भावाकडून आणते. त्याच्या पुढं मात्र एक पेंडी आणायची न्हाई.”

अशी मुदत पडली. माळेगावच्या जत्रेपर्यंत त्या डोंगरवाटेनं चावडीपर्यंत घोडीवर बसून जायचं, नाहीतर घोडी जाणार, डोंगर जाणार, आणि मी लातुरात टेबलाशी बसून दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्यांतली विशेषणं खोडणार.

पहिले बारा दिवस फुकट गेले. रोज सकाळी खोगीर, रिकीब, पांढरी बोटं. बायको ओसरीतून बघायची आणि काही बोलायची नाही. ते जास्त वाईट होतं.

तेराव्या दिवशी त्या चावडीच्या गावचा कोतवाल आमच्या तालुक्याच्या गावी काही कागद द्यायला आला आणि आमच्या दारात थांबला. गावात दवंडी द्यायचं काम त्याचंच. वय सत्तरीच्या आसपास, अंगावर खाकी कोट, त्याची बटणं वेगवेगळी. तो आमच्यातला नव्हता, पण वाजवणाऱ्यांच्याच घरातला होता, आणि माझ्या बापाला ओळखत होता. मी त्याला मामा म्हणायचो. पाणी पिऊन तो अंगणातल्या घोडीकडे बघत राहिला.

“विकून राहिले म्हणं घोडी?”

“बसता येत नाही तर काय करू, मामा?”

“बसता येत न्हाई आन् घेतली तरी वरातीची?”

मला कळलं नाही. मी तसं म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. मी चेष्टा करतो आहे की काय, हे तो तपासत होता.

“सायेब, ही नाचायची घोडी हाय. वरातीतली. हलगी वाजली की पाय उचलती. दोन्ही येळंला म्या दवंडी द्यायला घेतली आन् तुमी पडले. टाकी आली, पाणी भरा, म्हणून वाजवत व्हतो. चावडीच्या मागनं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“काय सांगू?” आता तो चिडला. “तुमाला ठावं न्हाई असं म्या कसं समजू? तुमच्या बापासारकी वाजवनारा या पट्ट्यात न्हवता. तुमी सोता वाजवलेली. मला वाटलं, सायेब जानून बसून राहिले, हट्टानं. आन् तुमच्या दारात येऊन हलगीचं नाव काढायचं? तुमी ती खाली ठेवली. म्या त्या शब्दानं तुमाला बोलावं व्हय?”

सहावा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून मी तीन महिने चिडून होतो: डॉक्टरवर, संपादकांवर, कारकुनावर, पारावरच्या मंडळींवर. त्या चौकात हलगी ज्याच्या हातात होती, त्याला मीही विचारलं नव्हतं. आणि तो आदरापोटी गप्प राहिला होता. मला पाडलं त्यात दोघांचा हात होता, त्याच्या आदराचा आणि मी बंद केलेल्या कानांचा. हे मान्य केल्यानं राग कमी झाला नाही. पण कुणावर किती, ते निदान ठरलं.

कोतवाल उठून घोडीजवळ गेला. तिचा पुढचा पाय उचलून त्यानं खुराच्या वरची केसं बाजूला केली. तिथं जुने व्रण होते, एकाखाली एक, दोन्ही पायांना.

“ही बगा छडी. वाजलं की छडी, वाजलं की छडी. मग छडी लागत न्हाई, नुसतं वाजलं तरी पाय वर. लोकं म्हनतात घोडी नाचती. ती काय नाचत न्हाई.” त्यानं पाय हळूच खाली ठेवला. “भेली हाय ती.”

मी उलटा चालत ज्या घोड्यांपुढे वाजवत होतो त्यांच्या पायांकडे बारा वर्षांचा असताना कधी बघितलं नव्हतं. फेटे बघितले, नोटा बघितल्या. वाजवणाऱ्याच्या हाताला फोड येतात हे गावाला माहीत नव्हतं, आणि घोड्याच्या पायाला काय होतं हे वाजवणाऱ्याला माहीत नव्हतं. वरात मात्र देखणी निघायची आणि बघणारे खूश होऊन घरी जायचे. आजही मला एखाद्या लग्नात घोडी नाचताना दिसली की मी जेवायला थांबत नाही. लोकांना ते तऱ्हेवाईकपणाचं वाटतं. वाटू दे.

“मोडता येईल का ही सवय?” मी विचारलं.

“ती खात असताना वाजवायचं. लांबून, हळू. रोज थोडं जवळ. छडी येत न्हाई हे तिला कळंपरेंत. पर म्या हलगी घिऊन तुमच्या अंगनात यायचा न्हाई. ते मला सांगू नका.”

“हलगी कशाला पाहिजे?” बायको ओसरीतून म्हणाली. “डबा हाय की.”

पाणी साठवायला आणलेले रॉकेलचे पत्र्याचे डबे भिंतीला रांगेनं उभे होते. त्यातला एक रिकामा होता. दुष्काळात तो बहुतेक रिकामाच असायचा. तिनं तो मांडीत घेतला, हातात चुलीचं एक बारीक लाकूड घेतलं आणि वाजवायला लागली. कोतवाल हसला. “चाल चुकली बाई, पर घोडी शानी हाय, कान दिला तिनं.”

चार दिवस बायको वाजवत होती. घोडी कान हलवायची, मान वर करायची, पुन्हा कडब्यात तोंड घालायची. बायकोला वाटलं, जमलं. मला माहीत होतं की नाही जमलं. ती जे वाजवत होती ते डबा वाजवणं होतं. ती वरातीची चाल नव्हती. तिसऱ्या ठोक्यानंतर हात अर्धा क्षण थांबतो आणि मग दोन ठोके एकात एक पडतात. ते नसेल तर घोडीला फसवून काही उपयोग नव्हता, चावडीपुढे खरी हलगीच वाजणार होती.

पाचव्या दिवशी मी तिच्या मांडीवरून डबा घेतला.

हाताला काही आठवावं लागलं नाही. याचा मला संताप आला, हे लिहून ठेवतो. तीस वर्षं मी बोटांत लेखणी धरली, तरी बोटं बारा वर्षांच्या मुलाचीच निघाली. पहिली फेरी पुरी व्हायच्या आत घोडीनं कडबा टाकला, पुढचे पाय उचलले आणि दावं ताणून उभी राहिली. बायको दाव्याला धावली. मी थांबलो. बायकोनं घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. त्यातल्या गेल्या तीसेक वर्षांत तिनं मला वाजवताना एकदाही बघितलं नव्हतं.

“बापाच्या सारकं वाजवता,” ती एवढंच म्हणाली.

“बाप दुसऱ्याच्या दारात वाजवत होता,” मी म्हणालो. “हे माझं अंगण आहे आणि घोडी माझी आहे.”

“मी कुठं काय म्हनले? वाजवा.”

मग रोज सकाळी आणि उन्हं उतरल्यावर वाजवत राहिलो. आधी वाड्याबाहेरच्या बाभळीखालून, मग दारातून, मग अंगणाच्या मधून. शेजारच्या गल्लीतून एक तरुण शिक्षक विचारायला आला, काका, तुम्ही, आणि हे? मी त्याला घोडीचे पाय दाखवले. तो बघून गेला. त्याचं समाधान झालं की नाही मला ठाऊक नाही. मी त्याच्या समाधानासाठी वाजवत नव्हतो. तीन आठवड्यांनी घोडी चाल वाजत असतानाही कडबा खात राहिली. मधूनच एक पाय उचलायची, थांबायची, जे यायचं ते येत नाही हे बघायची आणि पाय खाली ठेवायची. बायकोला मी चाल शिकवली. तिला तिसऱ्या ठोक्यानंतर थांबायला आठ दिवस लागले.

राहिलो मी. घोडीचं भय कमी झालं म्हणून माझं आपोआप कमी झालं, असं झालं नाही. कारण कळलं की भीती जाते, असं ज्यांना वाटतं त्यांचं हाड कधी मोडलेलं नसतं. मला कारण माहीत होतं, उपाय माहीत होता, आणि उजवा पाय तरी जमिनीलाच होता. शेवटी जे घोडीला केलं तेच मला करावं लागलं. पहिल्या दिवशी नुसता रिकिबीत भार दिला आणि उतरलो. दुसऱ्या दिवशी खोगिरावर आडवा पोट टेकून राहिलो, पोत्यासारखा. बायको दावं धरून तोंड दुसरीकडे करून हसत होती. तिसऱ्या दिवशी टांग टाकली आणि वर बसलो, घोडी उभी, मी उभ्या घोडीवर, वीस मिनिटं. घामानं सदरा भिजला. सहाव्या दिवशी बायको डब्यावर वाजवत असताना अंगणात सात फेऱ्या मारल्या. घोडीनं दोनदा पाय उचलला. दोन्ही वेळा मी लगाम न ओढता बसून राहिलो, कारण कोतवालानं बजावलं होतं, “तुमी ओढलं की तिला वाटंल, आली छडी.”

माळेगावच्या जत्रेला नऊ दिवस असताना मी डोंगरात गेलो. टाकीच्या मागे, वरच्या पायवाटेनं. वाटेत एका मळ्याच्या विहिरीपाशी ट्रॅक्टर थांबला, नळी सोडली गेली, मी वेळ टिपली. पंधरा मिनिटांनी टाकी पुढे निघाली. ती बातमी नंतर पहिल्या पानावर आली, माझ्या नावाशिवाय आणि विशेषणाशिवाय, जशी यायला हवी तशी. संपादकांचं दुसरं पत्र आलं नाही, पहिलं मागे घेतल्याचंही आलं नाही. मी डोंगरात जात राहिलो.

पण त्या दिवशी माझं लक्ष बातमीत अर्धंच होतं. चौकात पोचलो. पारावर तीच मंडळी होती. चावडीच्या मागून कोतवाल निघाला, गळ्यात हलगी. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो थांबला, पुन्हा बघितलं. मी पुन्हा हलवली.

त्यानं दवंडीची चाल वाजवली. घोडीचे कान मागे गेले. मग पुढे. त्यानं एक श्वास घेतला आणि वरातीची चाल धरली, खरी, कातड्यावरची, तिसऱ्या ठोक्यानंतर थांबून. हे आमचं ठरलं नव्हतं. पण आज ना उद्या या चौकात वरातही वाजणारच, हे त्याला माहीत होतं. घोडीचा उजवा पाय वर आला. माझी बोटं खोगिराकडे जायला लागली. मी ती मांडीवर ठेवली. तिच्या अंगातली थरथर माझ्या गुडघ्यांना लागत होती, आणि माझी तिला लागत असणार. पाय हवेत राहिला. कोतवाल वाजवत होता. काहीच आलं नाही. पाय खाली आला.

मग ती एकदा फुरफुरली आणि शेपटीनं माश्या वारायला लागली.

कोतवालानं हात थांबवला आणि दवंडी दिली: टाकी आली हो, घागरी घेऊन या. बायका घागरी घेऊन धावल्या. मी वर बसूनच वहीत टाकीतल्या पाण्याची खूण लिहिली, अर्धीच्या खाली चार बोटं.

ज्यानं लिंबू उतरवायला सांगितलं होतं त्यानं घोडीकडे नीट बघितलं.

“काय हो,” तो शेजाऱ्याला म्हणाला, “आता पाय उचलंना झाली. घोडी म्हातारी झाली वाटतं.”

“हाव. वय झालं तिचं,” शेजारी म्हणाला.

घोडी आठ वर्षांची होती. दात बघून मी त्यांना सांगू शकलो असतो. मी वही खिशात ठेवली, लगाम सैल धरला आणि दुसऱ्या गावच्या वाटेला लागलो, कारण तिकडे टाकी अजून पोचायची होती.